करार होईपर्यंत माणसं फुटू नयेत म्हणून काय करता? (पायलट, मोपा बेस)

वास्कोची_एफओ

नमस्कार मंडळी. नाव आणि कंपनी सांगत नाही, समजून घ्या. मी वास्कोची, गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या बेसवर फर्स्ट ऑफिसर (एफओ, म्हणजे सहवैमानिक), एअरबस ३२० वर चौथं वर्ष.

आमच्या संघटनेची कंपनीशी नव्या करारावर बोलणी चालू होऊन सात महिने झाले. पहिले दोन महिने सगळे जोशात होते. आता व्हॉट्सअॅप ग्रुप उघडायलाच नको वाटतो. कंपनीचा प्रस्ताव असा: कॅप्टनांचा पगार लगेच वाढणार, आम्हा एफओंचे हमीचे तास (उड्डाण कमी झालं तरी ज्यांचे पैसे मिळतात ते) महिन्याला ६० वरून ५० वर येणार, आणि यापुढे भरती होणाऱ्या पोरांना वेगळी, खालची श्रेणी. झालं! कॅप्टन म्हणतात, मिळतंय ते पदरात पाडून घेऊया. एफओ म्हणतात, पदर तुमचा, मिळतंय तुम्हाला.

गेल्या आठवड्यापासून एकेकाला ऑफिसात बोलावणं सुरू झालंय. गोड बोलतात, वैयक्तिक पत्र पुढे सरकवतात. आमच्या बेसवर चौघांनी सही केल्याची कुजबुज आहे. त्यातला एक माझ्याच बॅचचा, सिम्युलेटरच्या ट्रेनिंगला आम्ही पार्टनर होतो. परवा पहाटे ३.१० चा पिकअप होता, आम्ही दोघंच कॅबमध्ये. एरवी झुआरी पूल येईपर्यंत याची बडबड सुरू झालेली असते. परवा मोपापर्यंत दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होतो. त्या वेळी बाहेर दिसतं काय, काळोख.

घरचं सांगायचं तर शिक्षण आणि टाइप रेटिंगसाठी (ठरावीक विमान उडवायच्या परवान्यासाठी) ७५ लाखांचं कर्ज आहे, बाबांचं घर गहाण आहे, हप्ता लाखाच्या वर. बाबा रोज जेवताना विचारतात, "संप करतलीं काय गो तुमी?" मी म्हणते, नाही. मग ते आमटी वाढून घेतात, पण पटलेलं नसतं.

दोन गोष्टी विचारायच्यात. ग्रुपवर काही जण म्हणतात सगळ्यांनी एकदम सिक टाकूया, म्हणजे एकाच दिवशी आजारी असल्याचं कळवूया. यात कितपत अर्थ आहे? आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे, बोलणी लांबत जातात तेव्हा माणसं एकत्र राहावीत म्हणून प्रत्यक्षात करायचं काय? भाषणं नकोत, ती ग्रुपवर रोज येतात.

पेडण्याचा_टॅक्सीवाला

आम्ही मीटरवरून नाहीतर अॅपवरून रस्त्यावर आलो की तुम्ही शिकलेली माणसं म्हणता, टॅक्सीवाले दादागिरी करतात, पर्यटक पळवून लावतात. आता आपल्या पगारावर आलं तेव्हा युनियन आठवली! असो. राग नाही ताई, पण एक सांगतो. आमच्यातही फूट पडते ती अशीच. एकाला बाजूला घेऊन सांगतात, तुला टॅक्सीचा काउंटर देतो, बाकीच्यांना घेऊन येऊ नको. तो जातो. पुढच्या सीझनला काउंटरही जातो आणि स्टँडवर त्याच्या बाजूला कोण गाडी लावत नाही.

म्हार्दोळकर

पोरी, तीस वर्षं विमानं उडवली, आता घरी बसून जायांच्या वेली सांभाळतो. त्यामुळे वेळ भरपूर आहे, उत्तर लांब होईल.

सिकचा विषय आधी उरकतो. खरोखर आजारी असलात तर उडू नका, ते तर नियमातच आहे. पण ठरवून आजारी पडू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात एकाच दिवशी निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी मिळून रजा टाकली की तो संपच धरतात, आणि संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. वैमानिक हा त्या व्याख्येतला कामगार की नाही, यावर कोर्टात वाद झालेले आहेत आणि कंपनी त्या दिवशी तिला सोयीची असेल ती बाजू घेईल. वकील गाठा. ग्रुपवरचा नव्हे, फी घेणारा. अमेरिकेत फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या पायलटांनी सिक टाकली होती. कोर्टाने कामावर जा म्हटलं, तरी आजार काही लगेच बरे झाले नाहीत. संघटनेला साडेचार कोटी डॉलरच्या आसपास भुर्दंड बसला.

यावर कोणीतरी सांगेलच की आपल्याकडे सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजच्या पायलटांनी पाच दिवस सिक टाकून कामावरून काढलेल्या सहकाऱ्यांना परत आणलं. आणलं, खरं आहे. पण तिथे मागणी एका वाक्याची होती, आमची माणसं परत घ्या. तुमच्याकडे पन्नास कलमांचा करार आहे. कुठल्या कलमावर बरं व्हायचं ते कोण ठरवणार?

राजीनाम्याची भाषाही नको. ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये पायलटांनी सामुदायिक राजीनामे दिले. सरकारने हवाई दलाची विमानं काढली, परदेशी पायलट आणले, आणि राजीनामे दिलेल्यांपैकी कित्येकांना पुन्हा तिथे काम मिळालं नाही. शिवाय आपल्याकडे २०१७ पासून एफओला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभर नोटीस द्यावी लागते. रागाने राजीनामा लिहिला तरी राग उतरून वर सहा महिने उडत बसणार.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मी सही केली होती.

कंपनीचं नाव मीही घेत नाही. माझी कमांड, म्हणजे कॅप्टनपद, जवळ आली होती, धाकटी पोटात होती, मडगावात फ्लॅट बुक केला होता. मुंबईच्या ऑफिसात बोलावलं. काचेच्या कपात चहा, बशीत दोन मारी बिस्किटं. पत्र आधीच टाइप करून ठेवलेलं, त्यात माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. समोरचा गृहस्थ फार सभ्य. म्हणाला, बाकीच्यांचं बाकीचे बघतील, तुमचं आम्ही बघतो. मी खिशातलं पेन काढून आधी स्पेलिंग दुरुस्त केलं आणि मग सही केली. आपल्या हाताने आपलं नाव नीट लिहून! याचं मला अजून हसू येतं, आणि ते चांगलं हसू नाही.

मिळालं काय? कमांड चार महिने आधी मिळाली. पगारवाढ दीड वर्षाने सगळ्यांनाच मिळाली आणि ती माझ्यापेक्षा जास्त होती, कारण माझ्या पत्रात 'पुढील सुधारणा लागू होणार नाहीत' असं एक कलम होतं. ते मी वाचलं नव्हतं. स्पेलिंग वाचलं होतं.

आणि मग वर्षभर शेजारच्या सीटवर जो कोणी बसे तो चेकलिस्टपलीकडे बोलत नसे. 'गिअर डाउन', 'फ्लॅप्स फुल', संपलं. जुलैतली एक संध्याकाळ आहे, दाबोळीला उतरत होतो, पाऊस झोडपत होता, वारा दर दहा सेकंदांनी बदलत होता. अप्रोच बिघडत चाललाय हे त्या पोराला माझ्याआधी दिसलं. त्याने सांगितलं, वेळेत सांगितलं, आम्ही गो-अराउंड घेतला, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलो, दुसऱ्या खेपेला नीट उतरलो. प्रवाशांना काही कळलंही नसेल. पण बोलण्याआधी तो अडखळला. दोन सेकंद असतील. या माणसाशी बोलावं की नको, असा तो विचार होता आणि तो मला स्पष्ट ऐकू आला. फ्लॅटचे हप्ते कधीचे फिटले. ते दोन सेकंद नाही फिटले.

एवढं सांगितलं ते अशासाठी की तुमच्या त्या चौघांना वाळीत टाकू नका. त्यांच्याशी आधी बोला, आणि बोलायचं ते फोनवर. ग्रुपवर माणूस सगळ्यांसमोर बोलतो, म्हणून तिथे तो एकतर शूर असतो नाहीतर गप्प. बेसवरच्या माणसांच्या दहा-बारांच्या वाटण्या करा, प्रत्येक वाटणीला एक जण नेमा, आणि त्याने आठवड्यातून एकदा प्रत्येकाला फोन करायचाच. त्या आठवड्यात काही घडलं नसेल तर 'काही घडलं नाही' हे सांगायला करायचा. आमच्या वेळी तो फोन कोणी केला नाही. बोलणी नऊ दिवस बंद होती आणि त्या नऊ दिवसांत माझ्या कानावर तीन वेगवेगळे करार 'झाले' होते. तिसऱ्यात कॅप्टन झालेल्यांनाच घेणार असं होतं, म्हणून मी धावत मुंबईला गेलो.

अमेरिकेत अल्पा म्हणून पायलटांची १९३१ सालची संघटना आहे, ती हे काम अगदी पगारपत्रकासारखं नेमाने करते. त्यांना करावंच लागतं. तिकडे रेल्वे लेबर अॅक्टखाली (नाव रेल्वेचं, पण विमान कंपन्यांनाही तोच लागतो) करार मुदत सरली म्हणून संपत नाही, जुनाच चालू राहतो. मग मध्यस्थ मंडळ, मंडळाने मोकळं सोडल्यावर आणखी ३० दिवसांची थांबणी, तोवर संप करता येत नाही. वर्षं जातात. तोपर्यंत ते लोक सुट्टीच्या दिवशी युनिफॉर्म चढवून टर्मिनलबाहेर फलक घेऊन शांतपणे उभे राहतात. एकही उड्डाण चुकत नाही, आणि कंपनीला किती जण आले ते मोजता येतं. मोजणी हाच सगळा खेळ आहे.

तुझ्या प्रस्तावातलं एक कलम मात्र मला फार वाईट वाटतं, आणि ते तुमचे पन्नास तास नव्हेत. नव्या पोरांची खालची श्रेणी. आज ती पोरं खोलीत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावावर सोडून देणं सगळ्यांनाच सोपं वाटतं. पाच-सहा वर्षांनी बेसवर बहुमत त्यांचं असेल, आणि पुढच्या करारात ती तुमच्यासाठी का थांबतील? युनायटेडने १९८५ मध्ये हेच आणलं होतं. आपला पगार शाबूत असलेले पायलट अजून भरती न झालेल्यांसाठी २९ दिवस संपावर गेले. कंपनीने शेकडो नव्या पायलटांना प्रशिक्षण देऊन तयार ठेवलं होतं, हे येतील आणि विमानं चालवतील या हिशेबाने. त्या पोरांनी कंपनीचं एक विमानही उडवलं नव्हतं. जवळजवळ सगळीच बाहेर राहिली.

उलटं बघायचं तर आपलं घरचंच उदाहरण आहे. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पायलटांच्या संघटना मात्र दोन राहिल्या. २०१२ मध्ये एका बाजूचे पायलट ५८ दिवस संपावर होते. कशावरून? दुसऱ्या बाजूच्या पायलटांना ड्रीमलायनर या नव्या मोठ्या विमानाचं प्रशिक्षण देण्यावरून. शंभराच्या आसपास लोकांना काढलं, शेवटी आश्वासनावर संप मागे घेतला. एकाच कंपनीचा शिक्का असलेली दोन माणसं एकमेकांच्या प्रमोशनवर भांडत होती आणि समोरच्या बाजूला काही करावंच लागलं नाही.

म्हणून कॅप्टन आणि एफओंच्या वेगवेगळ्या बैठका घेताय ना, त्या आधी बंद करा. घेत असणारच तुम्ही.

बायणेकर_निवृत्त

मी पोर्टातला माणूस, क्रेनवर होतो, विमानातलं मला काय कळत नाही. पण वेतन कराराची बोलणी आयुष्यभर बघितली. आमच्याकडे सगळ्या मोठ्या बंदरांची मिळून एकच बोलणी होतात, द्विपक्षीय समिती असते, आणि समोर बसणाऱ्या कामगार फेडरेशनांचे झेंडे वेगवेगळे. बाहेर एकमेकांना शिव्या घालणारे. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये सगळ्यांनी मिळून २८ तारखेपासून संपाची नोटीस दिली आणि आदल्या दिवशी समझोता झाला. संप झालाच नाही. माझ्या घरासमोरच्या पोराने विचारलं, मग उपयोग काय झाला? मी म्हटलं, बाबा, झाला नाही हाच उपयोग.

कॅप्टनसाहेबांनी फोनचं सांगितलं ते बरोबर. आमच्यावेळी फोन नव्हते, शिफ्ट सुटताना गेटवर एक माणूस उभा राहायचा. पाऊस असो नसो. त्याच्याकडे सांगायला बहुतेक दिवशी काही नसायचंच.

तू वास्कोची, तुला दामोदराचा सप्ताह सांगायला नको. चोवीस तास भजन खंडत नाही. संध्याकाळी कोणीही उभा राहतो गो बाय, दिवे आहेत, फेरी म्हणजे जत्रेतली दुकानं आहेत, खाजं आहे, चुलतमावशी बघायला आलेली आहे. पहाटे तीनच्या सुमाराला ये कधीतरी. एक पेटीवाला, पखवाजाला डुलक्या येणारा एक म्हातारा, दोन टाळकरी. तुमच्या बेसवर ही पहाटेची चार माणसं कोण ते आधी शोधून ठेव. ग्रुपवर मोठमोठ्याने लिहिणारी त्यात बहुतेक नसतील.

आणि बाबांना सांग, रोज विचारू नका. नाहीतर बोलणी कुठवर आली ते तूच रोज आपणहून सांग. विचारावं लागलं की माणूस वाईटच धरतो.

पर्वरीची_वहिनी

माझे मिस्टर कॅप्टन आहेत, दुसऱ्या कंपनीत. तुम्ही सगळे कॉकपिटचं बोलताय, पण फुटण्याची सुरुवात आमच्या स्वयंपाकघरात होते. २०२० मध्ये विमानं बंद झाली, पगार कापले गेले, तेव्हा मला नवऱ्याच्या कंपनीत काय चाललंय ते दुसऱ्या पायलटच्या बायकोकडून कळायचं. तिला तिसरीकडून. मी इतकी घाबरले की ह्यांना म्हटलं, जे पुढे करतील त्यावर सही करा आणि मोकळे व्हा. त्यांनी केली नाही, भांडण मात्र झालं, दोन दिवस घरात जेवणाच्या वेळेपुरतं बोलणं होतं.

पुढच्या बोलण्यांच्या वेळी त्यांच्या संघटनेने एक शहाणपणा केला. घरच्यांना बोलावलं. चहा आणि बटाटेवडे, फार काही नाही. प्रस्ताव काय, आपली मागणी काय, हे साध्या शब्दांत सांगितलं आणि सगळ्यांना एक कोरा कागद दिला. चार महिने फक्त मूळ पगार आला तर घर चालेल का, ते त्यावर लिहायचं. कोणाला दाखवायचं नाही. मी लिहिलं तेव्हा कळलं की तीन महिने चालतं, चौथ्याला गाडी विकावी लागते. गाडी विकणं हे काही घर बुडणं नव्हे. तिथून माझी झोप परत आली.

तुझा हप्ता मोठा आहे, तू एकटीने शूर होऊ नकोस. ज्यांचे हप्ते जास्त आहेत त्यांच्यासाठी संघटनेत आधीपासून वर्गणी जमवून ठेवतात. तुमच्याकडे तसा निधी आहे का ते विचार. नसेल तर कॅप्टन लोकांना विचार, का नाही.

वास्कोची_एफओ

सगळ्यांचे आभार. टॅक्सीवाले दादा, तुमचंही पटलं. संपावेळी मीही एकदा वैतागून काहीबाही लिहिलं होतं.

निधी आहे, पण ग्रुपवरच्या एकानेही त्याचा उल्लेख केला नव्हता. खजिनदाराला विचारलं तर तो म्हणाला, "कोणी विचारलंच नाही." बेसवरच्या माणसांच्या वाटण्या आम्ही काल केल्या. माझ्या वाट्याला अकरा जण. कॅप्टन आणि एफओ मिसळूनच घेतलेत. स्वतंत्र बैठका खरंच चालू होत्या, काकांनी कसं ओळखलं देव जाणे.

म्हार्दोळकर

ओळखायला काय लागतं. सही केलेल्या मित्राचं काय झालं?

वास्कोची_एफओ

पहिला फोन त्यालाच केला, दुपारी. उचलला नाही. रात्री साडेनऊला त्याचाच आला. आधी बराच वेळ रोस्टरबद्दल बोलला, पुढच्या आठवड्यात सलग तीन पहाटा लागल्यात म्हणून. मग विचारलं, "कोणाकोणाला कळलंय?" मी म्हटलं, सगळ्यांना. त्यानंतर तो गप्प, मागे कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येत होत्या. मी तुमच्या पत्राबद्दल सांगितलं. नाव नाही घेतलं, फक्त स्पेलिंगचं आणि न वाचलेल्या कलमाचं. तो म्हणाला, माझं स्पेलिंग बरोबर आहे. आणि हसला.

दहा मिनिटांनी पत्राचे फोटो आले, चार पानं, तिसरं जरा तिरकं. नवव्या कलमाखाली त्याने पेन्सिलने रेघ मारली आहे. सही करायच्या आधी मारली की नंतर, ते विचारलं नाही. उद्या वकिलांकडे नेतेय. पिकअप पुन्हा ३.१० चा आहे, तोच बरोबर आहे.

बायणेकर_निवृत्त

कॅबमध्ये बस त्याच्या बाजूला. थर्मासात चहा घेऊन जा.

वास्कोची_एफओ

घेते काका. बाबांनी आत्ताच विचारलं, नववं कलम म्हणजे काय ते.